गाडी नऊ-पाचला पोचली नव्हती

मी एसटीत कंडक्टर लागले तेव्हा आमच्या घरात दोन मतं होती. सासूबाई म्हणत होत्या, बाईमाणसाने भर गर्दीत उभं राहून तिकिटं फाडू नयेत. नवऱ्याचं म्हणणं, आता तिकिटं कुणी फाडत नाही, मशीनमधून निघतात. या मुद्द्यावर मला परवानगी मिळाली. त्याला आता अकरा वर्षं झाली. नवरा रत्नागिरीत रिक्षा चालवतो, त्यामुळे संध्याकाळी आमच्याकडे कोणत्या रस्त्याला किती खड्डे यावरच चर्चा चालते.

त्यातली पाच वर्षं मी एकाच लाइनीवर होते. सकाळी पावणेआठला स्टँडवरून सुटायचं, शिरगाव मागे टाकलं की समुद्राच्या कडेने आरे-वारेची वळणं घ्यायची, मग समुद्राकडे पाठ करून वर चढायचं आणि कातळ ओलांडून शेवटच्या गावात नऊ-पाचला पोचायचं. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांना नावापायी पुरेसा त्रास झाला आहे.

शेवटच्या थांब्यापासून हाकेच्या अंतरावर एक मठ होता. पत्र्याच्या लांब पडव्या, मधे अंगण, मागे जायफळाची आणि काळ्या मिरीची लागवड. पाऊणशे माणसं राहत असतील, सणाला बाहेरून आणखी येत. देव नेहमीचेच, भजनं नेहमीचीच. त्यांचा एक नियम मात्र वेगळा होता. सकाळी उठल्यापासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पंचक्रोशीत त्यांना सगळे 'दुपारवाले' म्हणत.

सकाळच्या गाडीत दुपारवाले चढले की माझ्यासारखी सुखी कंडक्टर साऱ्या जिल्ह्यात नसे. सुट्ट्यांवरून वाद नाही, खिडकीवरून भांडण नाही. किती तिकिटं ते बोटांनी दाखवत, हसत आणि बसत. तीच माणसं दुपारी दोनच्या परतीच्या गाडीला भेटली की ओळखू येत नसत. सकाळचं सगळं साठलेलं एकदम बाहेर पडायचं. कुणाच्या गाईला काय झालं, कुणाच्या सुनेने काय म्हटलं, भाजीत मीठ कुणी जास्त घातलं. आमचे ड्रायव्हरकाका म्हणायचे, "मॅडम, यांना संध्याकाळपर्यंत गप ठेवायचा नियम करायला पाहिजे होता."

त्यांच्यात एक अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई होत्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. रत्नागिरीत पेन्शनच्या, डोळ्यांच्या कामाला येत आणि सकाळच्या गाडीने परत जात. पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळे त्यांना प्रवास फुकट होता, तरी शून्य रुपयांचं तिकीट हातात घेतल्याशिवाय त्या बसत नसत. एकदा दुपारी त्यांनी मला गाडीच्या पाटीवरची ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली. "बाय, एवढी मोठी अक्षरं आणि एवढी मोठी चूक," म्हणाल्या. मी सांगितलं, पाटी मी रंगवत नाही. "पण वाचतेस ना रोज?" असं त्यांचं उत्तर.

दुसरा मठाचा कोठीवाला. पन्नाशी ओलांडलेला किडकिडीत माणूस, मुंबईत एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये वीस वर्षं काढून आलेला. गाडी आली की तो थांब्यावर हजर, काखेत काळी छत्री, ऊन असो की पाऊस. मठाचं पार्सल उतरवून घ्यायचा आणि मला नि काकांना ताकाचे दोन पेले द्यायचा. सकाळी तोंड बंद असल्यामुळे ताकात मीठ बरोबर आहे का हे तो भुवया उडवून विचारायचा.

मला त्या मठाचं सगळं पटत होतं असं नाही. एक आई आमच्या गाडीने तीनदा आली होती. तिची एकोणीस वर्षांची मुलगी मठात जाऊन राहिली होती आणि घरी यायला तयार नव्हती. निदान मठवाले तसं सांगत होते. आईला मुलीशी एकटीने बोलू देत नव्हते, कुणीतरी मधे बसायचंच. तिन्ही वेळा ती बाई परतीच्या गाडीत तोंडाला पदर लावून रडत होती. तिने तक्रार केली असं कानावर आलं तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं. शिवाय मठाने मागची गावकीची चराई जमीन कुंपणात घेतली अशीही तक्रार होती. ती खरी असावी, कारण कुंपण गाडीतून दिसायचं.

त्या दिवशी मठाचा वर्षातला मोठा दिवस होता. स्टँडवर एकोणीस दुपारवाले चढले. आकडा मला आठवतो तो स्मरणशक्तीमुळे नव्हे, नंतर इतक्यांदा सांगावा लागला म्हणून. अकरा बायका अर्ध्या तिकिटाच्या, पंच्याहत्तरीच्या पुढची पाच माणसं शून्य तिकिटाची, आणि तिघांची पूर्ण तिकिटं. बरोबर कापडी पिशव्या, एक मोठं तांब्याचं पातेलं आणि शहाळ्यांचं एक पोतं. मास्तरीणबाई नेहमीप्रमाणे दुसऱ्या बाकावर.

आरे-वारेच्या एका वळणावर गाडी थांबली. पुढे रस्त्यात नवरी उभी होती. खरी नवरी नव्हे, लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली. लालभडक झगा, त्याची शेपूट दोन माणसांनी धरलेली, वर ड्रोन घोंघावतोय, नवरा बाजूला निळा धूर सोडतोय. काकांनी हॉर्न दिला. फोटोवाल्यांनी घाईघाईत बाजू देण्यासाठी आपली एक गाडी मागे घेतली आणि तिचं मागचं चाक कडेच्या गटारात गेलं. झालं. समोर आडवी गाडी, मागे आम्ही, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र.

पहिली दहा मिनिटं सगळे एकमेकांना दोष देत होते. पुढचा पाऊण तास फोटोवाल्यांनी फोन लावण्यात घालवला. शेवटी मास्तरीणबाई उठल्या, खाली उतरल्या आणि हाताने खूण केली. सगळे दुपारवाले मागोमाग उतरले. तिघा पुरुषांनी आणि पाच-सहा बायकांनी गाडीला हात लावला, मास्तरीणबाईंनी एक-दोन-तीन बोटांनी मोजलं आणि गाडी वर. एक आवाज नाही. 'हय्या' सुद्धा नाही. ती नवरी झगा सावरत सारखी "थँक्यू, थँक्यू" म्हणत होती आणि समोरून कुणी उत्तर देईना म्हणून ओशाळली होती. मीच तिला सांगितलं, "ते दुपारी बोलतात."

पुढच्या गावात एक मासेवाली पाटी घेऊन चढली. "किती हा उशीर गो, माझी बर्फं विरघळली," असं मला सुनावून तिने तिकीट घेतलं. मग आम्ही चढाला लागलो.

कातळावर पहिली रुग्णवाहिका दिसली. समोरून भरधाव आली आणि गेली. काकांनी गाडी एकदम कडेला दाबली. मग दुसरी. मग पोलिसांची एक गाडी. मासेवालीच तेवढी म्हणाली, "काय झालं असंल?"

थांब्याच्या अलीकडे एका पोलिसाने हात दाखवून गाडी अडवली. पोलीस तरुण होता, ओठ सुकलेले, टोपी हातात. तो म्हणाला, "पुढे बंद आहे. इथूनच वळवा." दुपारवाले उतरले. मठाच्या बाजूने धूळ उडत होती, कुणीतरी बाई सतत ओरडत होती. थांब्यावर कोठीवाला नव्हता.

मास्तरीणबाई त्या पोलिसासमोर जाऊन उभ्या राहिल्या. घड्याळात दहा वाजून गेले होते, सूर्य डोक्यावर यायला अजून दोन तास होते. त्यांनी विचारलं, "कोण?"

पाच वर्षांत सकाळी त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

पोलीस म्हणाला, "आजी, मला नावं माहीत नाहीत. तिघं आहेत."

आम्ही गाडी वळवून परत आलो. आरे-वारेला तो निळा धूर अजून रेंगाळत होता.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते. प्रत्येक फेरीचा आमचा एक कागद असतो, त्याला वेबिल म्हणतात. त्यात शेवटच्या गावी पोचल्याची वेळ लिहायची असते. खरं तर पोचल्यावर लिहायची. पण नऊ-पाचची गाडी पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे पोचणार हे ठरलेलं, म्हणून मी सकाळी स्टँडवर चहा पितानाच 'नऊ-पाच' लिहून मोकळी व्हायचे. तसं मी त्या दिवशीही लिहिलं होतं. परत आल्यावर खाडाखोड करायला पेन काढलं, तर काका म्हणाले, "राहू दे तसंच. नाहीतर उशिराचं कारण लिहा, मग त्याचा खुलासा द्या. आज कोण बघतंय वेळ?" मी पेन बंद केलं.

वेळ बघणारे निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुळथाचं पिठलं ढवळत होते आणि नवरा मोबाईलवर बातमी वाचून दाखवत होता. सरकारी निवेदन आलं होतं. मुलीच्या सुटकेसाठी आणि अतिक्रमणाच्या तपासणीसाठी पोलिसांचं पथक मठात गेलं. सुरुवातीला सगळं शांत होतं. नऊ वाजून पाच मिनिटांच्या एसटी बसने बाहेरून लाठ्याकाठ्यांसह जमाव आला, तशी एसटीच्या कागदावर नोंद आहे. जमावाने घोषणा देत पथकावर दगडफेक केली. साडेनऊला पथकाला स्वसंरक्षणासाठी गोळीबार करावा लागला. त्यात तिघे मरण पावले.

"तुझीच गाडी की गं," नवरा म्हणाला.

मी म्हटलं, "साडेनऊला माझी गाडी आरे-वारेला नवरीच्या मागे उभी होती."

पिठलं खाली लागलं. तसंच खाल्लं.

नंतर मरण पावलेल्यांत कोठीवाला असल्याचं कळलं. जप्त केलेल्या हत्यारांची यादी पेपरात आली होती. चार कोयते, दोन पहारी, सात बांबू आणि शेवटी 'छत्री, काळी, मोडलेली, एक'. मी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. कोयता, पहार कुठल्याही बागायतदाराच्या पडवीत सापडेल. छत्री हत्यारांत कशी आली ते मला आजही माहीत नाही.

मी आठ दिवस काही केलं नाही. हे खरं सांगायला हवं. नवरा म्हणत होता, "तू कोण? तू काय वकील आहेस? सरकार म्हणतंय ना?" सासूबाई, ज्यांना माझी नोकरी कधीच आवडली नव्हती, त्या आता नोकरी जाईल म्हणून घाबरल्या होत्या. काकांनी मला स्टँडच्या मागे नेऊन सांगितलं, "मॅडम, माझे चार महिने राहिलेत. पोरीचं लग्न काढलंय. मला यात ओढू नका." काका वाईट माणूस नव्हते. पाच वर्षांत त्यांनी मला एकदाही रिकाम्या पोटी ड्युटी करू दिली नव्हती, घरून माझ्यासाठी वेगळी भाकरी आणायचे.

मला झोप येत होती, जेवण जात होतं, पण रोज सकाळी चहाच्या टपरीवर वेबिल उघडलं की पेन पुढे सरकेना. इतकी साधी गोष्ट होती. सरकारच्या निवेदनातला 'नऊ-पाच' माझ्या अक्षरातला होता.

शेवटी मी आगारात जिथे मशीन जमा करतो तिथल्या लिपिकाला विचारलं, जुन्या फेरीची माहिती निघते का? तो म्हणाला, "का नाही? प्रत्येक तिकिटावर वेळ पडते. कुठली फेरी?" तारीख सांगितल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पडद्यावर काढून दिली. मासेवालीचं तिकीट: नऊ वाजून सत्तेचाळीस मिनिटं. आणि तिथून शेवटचा थांबा पंधरा-वीस मिनिटांच्या चढावर.

"हे मी कुणाला देऊ शकत नाही," तो हळूच म्हणाला. "पण कुणी साहेबांनी मागितलं तर द्यावंच लागतं."

दरम्यान चौकशी जाहीर झाली होती. एक अधिकारी नेमले होते, ज्यांना काही सांगायचं असेल त्यांनी यावं अशी नोटीस होती. मी एक दिवसाची रजा टाकली, निळी साडी नेसले आणि गेले. बाहेर बाकावर बसून दोन तास वाट पाहिली. गाडीत प्रवासी वाट पाहतात तेव्हा मी त्यांना "येईल हो, येईल" म्हणते. तिथे मला कुणी म्हटलं नाही.

अधिकारी साहेब दमलेले दिसत होते. आवाज मात्र चांगला होता, खेकसणारा नव्हता. म्हणाले, "बोला."

मी सगळं सांगितलं. नवरी, धूर, गटार, मासेवाली.

"पण वेबिलावर नऊ-पाच आहे. अक्षर तुमचंच ना?"

"होय साहेब. ते मी सकाळी आधीच लिहून ठेवलं होतं."

"म्हणजे खोटं लिहिलंत."

"होय साहेब."

"मग आज खरं बोलताय, यावर मी का विश्वास ठेवू?"

मी म्हटलं, "माझ्यावर नका ठेवू साहेब. मशीनवर ठेवा. आगारातून माझ्या फेरीची तिकिटं मागवा. कितीजण होते, बायका किती, म्हातारी माणसं किती आणि शेवटचं तिकीट किती वाजता निघालं, सगळं त्यात आहे."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "त्यांच्याजवळ लाठ्याकाठ्या होत्या?"

"एक काठी होती. पंच्याऐंशीच्या आजोबांची. ती नसती तर ते पायरी चढले नसते."

शेजारचा टंकलेखक हसला आणि पुन्हा टाइप करायला लागला.

"घोषणांबद्दल काय सांगाल? ते लोक सकाळी बोलत नाहीत असं मठाचं म्हणणं आहे."

इथे मला मोह झाला. 'ते मेले तरी बोलत नाहीत' असं सांगून मोकळं व्हावं, असं वाटलं. पण मास्तरीणबाईंचा तो एक शब्द मी माझ्या कानांनी ऐकला होता. मी म्हटलं, "गाडीत नाही बोलत. घरात पोलीस शिरल्यावर काय करतात ते मी पाहिलेलं नाही."

"आणि वेळ दुरुस्त का केली नाहीत? कुणी सांगितलं होतं?"

"नाही साहेब. माझा आळस."

हे मात्र पूर्ण खरं नव्हतं. काकांचं वाक्य मी गिळलं. त्यांना चार महिने सुखाने काढता यावेत म्हणून, आणि वेबिल ही कंडक्टरची जबाबदारी आहे हे तर खरंच. तरी सरकारच्या कागदातला एक शब्द खोडायला गेलेली मी, माझ्या जबाबातून एक वाक्य वगळून आले. काका आता निवृत्त आहेत, त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. ते म्हणाले, "लिहा. आता माझं काय वाकडं होणार?"

पुढे जे व्हायचं ते झालं. चुकीच्या नोंदीबद्दल मला खुलासा मागितला, मी चूक कबूल केली, एका वर्षाची पगारवाढ थांबली आणि माझी लाइन बदलली. आगारातल्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "बाई, शिक्षा नियमाने आहे. बाकी काय बोलू मी?" आणि स्वतःचा चहा माझ्यापुढे सरकवला. मला मिळाली लांबची दापोलीची गाडी. तिथून मुरुडला जाणारे पर्यटक पाहिले की मी आधी बघते, कुणी लाल झगा आणलाय का.

चौकशीत माझं नाव पेपरात आलं नव्हतं, पण 'महिला वाहक' म्हटल्यावर रत्नागिरीत ओळखायला कितीसा वेळ लागतो? कुणी स्टँडवर येऊन हात जोडले, कुणी मला मठाची भक्तीण ठरवलं. नवऱ्याच्या रिक्षात एकजण सगळा रस्ताभर मला शिव्या देत बसला होता. नवऱ्याने त्याला उतरवताना सांगितलं, "ती माझी बायको." तो माणूस म्हणे उरलेले सुट्टे न घेता पळाला. नवऱ्याने घरी येऊन हे तीन वेळा सांगितलं, तेव्हा कळलं की तो आता माझ्या बाजूचा आहे.

सर्वांत अवघड गाठ पडली ती त्या मुलीच्या आईशी. त्या दिवशीच्या गोंधळात मुलगी बाहेर आली होती आणि आईबरोबर घरी गेली होती. स्टँडवर मी गाडीची वाट बघत होते, आई थेट समोर आली.

"तुम्ही त्या लोकांच्या बाजूने साक्ष दिलीत," ती म्हणाली. "मी तुमच्या गाडीत रडत होते तेव्हा तुम्ही मला पाणी दिलं होतं."

मी म्हटलं, "ताई, मी माझ्या गाडीची वेळ सांगितली. तुमची तक्रार खोटी आहे असं मी कुठेही म्हटलं नाही. कुणी विचारलं असतं तर तुम्ही रडत होता हेही सांगितलं असतं."

"पोलीस गेले नसते तर माझी पोर आली नसती."

"होय."

"मग?"

तिची मुलगी घरी यायला हवी होती आणि कोठीवाला मरायला नको होता, ही दोन्ही वाक्यं मला खरी वाटत होती, पण तिच्यासमोर दुसरं बोलायला जीभ उचलेना. आम्ही बाकावर बसलो. मी विचारलं, मुलगी कशी आहे? आई म्हणाली, "बरी आहे. शिवण शिकते. पण अजून दुपारपर्यंत बोलत नाही." तिची गाडी लागली तशी ती उठून गेली.

चौकशीचा अहवाल यायला वर्ष उलटलं. त्यात माझ्या वाट्याला दोन ओळी होत्या. बस घटनेनंतर पोचल्याचं दिसतं, सबब बसने जमाव आल्याचं सिद्ध होत नाही. बस, एवढंच. गोळीबार गरजेचा होता की नव्हता, पहिला दगड कुणी मारला, छत्री मोडली कशी, यातल्या कशावरही ठाम काही नव्हतं. मठाने आपलं वेगळं पत्रक काढलं. त्यात लिहिलं होतं की मठातल्या एकाही माणसाने हात उचलला नाही, सगळे मौनात बसले होते आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते पत्रक स्टँडवर वाटलं गेलं. मला वाटलं, असेलही. मनातून ते खरं असावं अशी माझी इच्छा होती.

एका दुपारी मास्तरीणबाई मला शोधत स्टँडवर दापोलीच्या गाडीच्या फलाटावर आल्या. खूप वाळल्या होत्या. हातात अहवालाची प्रत आणि ते पत्रक. म्हणाल्या, "बाय, डोळे गेले माझे. जरा वाचून दाखव. घरातली पोरं भरभर वाचतात."

गाडी सुटायला पाऊण तास होता. मी त्यांना अहवालातला शेवटचा भाग वाचून दाखवला, मग पत्रक. पत्रकातल्या 'एकाही माणसाने हात उचलला नाही' या वाक्यापाशी त्यांनी मला थांबवलं.

"पुन्हा वाच."

मी वाचलं.

"हे चूक आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, ऱ्हस्व-दीर्घ काढणार. मी विचारलं, "कुठला शब्द?"

"शब्द नव्हे, वाक्य. दगड मारले होते. आमच्यातल्या दोघांनी. दार तोडायला लागले तेव्हा पडवीच्या छपरावरून मारले. मी तर तुझ्या गाडीत होते, मला काय ठाऊक? पण मी एकेकाला विचारलं. वर्षभर विचारत होते. त्या दोघांनीच मला सांगितलं, रडून सांगितलं."

"म्हणजे सरकारचं बरोबर?"

"कसं बरोबर? दगडाला गोळी? आणि तीही अंगणात बसलेल्यांना? कोठीवाला दाराशी हात आडवे करून उभा होता. त्याने काही मारलं नाही. हे त्या दोघांनीच पाहिलं." त्यांचा आवाज शाळेत धडा सांगावा तसा स्वच्छ होता. "पण दगड पडले ते पडले. आपण ते लिहिलं नाही, तर आपलं बाकीचं खरं कोण मानील?"

मी म्हटलं, "मास्तरीणबाई, मठातली माणसं काय म्हणतील?"

"म्हणाली आहेत. मला तिथून जायला सांगितलं. आता मी पुतणीकडे राहते, शिरगावला." त्यांनी पिशवीतून चार ताव काढले. वळणदार, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं पत्र, प्रत्येक ओळ चढत गेलेली, कारण डोळ्यांना समास दिसत नव्हता. त्या दोघांनी खाली सह्या केल्या होत्या. "आधी त्यांना म्हटलं, तुमची तयारी नसेल तर मी हे फाडून टाकते. दोन महिने घेतले त्यांनी. मग आले."

"चौकशी तर संपली."

"टपाल तर घेतात ना?"

त्यांना ते पत्र द्यायला सरकारी कचेरीत जायचं होतं. माझी गाडी लागली होती, कंट्रोलर शिट्टी वाजवत होता. मी नवऱ्याला फोन केला. तो सात मिनिटांत रिक्षा घेऊन आला, त्यांचा हात धरून आत बसवलं आणि घेऊन गेला. दापोलीच्या प्रवाशांनी माझ्या नावाने आरडाओरडा केला, तो मी ऐकून घेतला.

नवऱ्याने संध्याकाळी सांगितलं ते असं. आवक खिडकीवरच्या माणसाने पत्र उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, आजी, हे कुणाच्या विरोधात आहे? मास्तरीणबाई म्हणाल्या, "थोडं तुमच्या, थोडं आमच्या." त्याला ते कुठल्या रकान्यात टाकावं कळेना. शेवटी त्याने 'इतर' मध्ये नोंद केली, शिक्का मारला आणि पोच दिली. त्या दोघांना नंतर पोलिसांनी बोलावलं, त्यांच्यावर केस झाली, ती चालू आहे. गोळीबाराबद्दल पत्रात जे लिहिलं होतं त्यावर अजून कुणाचं उत्तर आलेलं नाही. मास्तरीणबाई दर महिन्याला एक स्मरणपत्र सांगतात, पुतणी लिहून घेते, आणि नवरा भाडं न घेता त्यांना त्या खिडकीपर्यंत नेऊन सोडतो.